गणितताईंची फी आणि माझी स्प्रेडशीट

[पुण्यात घरशाळा करणाऱ्या पालकांच्या मासिक भेटीत झालेल्या बोलण्याचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. मुलांची नावं बदलली आहेत.]

मागे ऐकू येतंय ना? बरं.

आधीच सांगतो, मी पालक नाही. मी मामा आहे. माझी भाची सई, वय वर्षं दहा, गेली दोन वर्षं घरीच शिकते. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, बीटेक केलंय, आणि घरात कुणाला काही मोजायचं असलं की फोन मला येतो. तसाच हाही आला होता. आक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, म्हणाली, "आम्ही पाच घरं मिळून गणिताला एक ताई लावतोय. फी कशी ठरवायची ते तू बघ. तुला कळतं त्यातलं."

मला त्यातलं कळतं असं मलाही वाटत होतं. आज मी तुम्हाला ते कसं कळत नव्हतं, याचाच हिशोब देणार आहे. आकडे खरे आहेत, आमच्याच गटाचे आहेत. पाचही घरांना विचारून सांगतोय.

आधी थोडं, गणितच का

इथे बसलेल्या बहुतेकांना हे माहीत आहे, पण नवीन आलेल्यांसाठी. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. तो 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे आणि त्यात घरशाळेची वेगळी अशी व्यवस्था नाही. आपल्यापैकी बरेच जण मुलाला पुढे एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या वाटेनं नेतात. तिथे लहान मुलांसाठी अ, ब, क असे स्तर आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. दहावीला बसायला वय 14 पूर्ण लागतं. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला परीक्षेची घाई नाही.

पुस्तकांचा खर्च तर जवळजवळ शून्य. बालभारतीची पुस्तकं, एनसीईआरटीची पुस्तकं, सगळी पीडीएफमध्ये फुकट मिळतात. भाषा, इतिहास, परिसर हे आईबाबा जमवतात. सईनं अर्धा भूगोल पावसाळ्यात सिंहगडावर जाऊन केलाय.

अडतं ते गणिताशी. कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांना गणिताची भीती असते आणि उरलेल्या निम्म्यांना, म्हणजे माझ्यासारख्यांना, गणित येतं म्हणून शिकवताही येईल असा गैरसमज असतो. (हशा) त्यामुळे पैसे मोजावे लागतात ते एकाच गोष्टीला, गणित शिकवणाऱ्या माणसाला. आणि नेमकं तिथेच आपण काटकसर करायला जातो.

माझी हुशारी

तर मुलं पाच. वय नऊ ते अकरा. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच ते साडेसहा. जागा कोथरूडला, आक्काच्या घरी. ताई धायरीहून यायच्या. मुलं त्यांना गणितताई म्हणायची, मीही तेच म्हणतो. वय चाळिशीच्या आतबाहेर, एमएस्सी, काही वर्षं शाळेत शिकवलेलं.

पालकांचं म्हणणं होतं, "आमची मुलं गावाला जातात, आजारी पडतात, कधी ट्रेकला जातात. घरशाळा घेतलीच त्या मोकळेपणासाठी. मग जो दिवस मूल बसलं नाही, त्याचे पैसे का द्यायचे?"

मला हे एकदम पटलं. मी दिवसभर क्लाउडवर काम करतो. तिथे सर्व्हर जितका वापरला तितकंच बिल येतं. मी म्हटलं, सोपं आहे. दर मुलामागे, दर तासिकेला 250 रुपये. मूल आलं तर द्यायचे, नाही आलं तर नाही. एक शीट केली, हजेरीची खूण केली की महिनाअखेर आकडा आपोआप. सगळे खूश. पाच मुलं म्हणजे एका तासिकेचे 1,250 रुपये, दीड तासाचे. तासाला 833 रुपये झाले. मी मनात म्हटलं, वा, आपण ताईंना चांगलेच पैसे देतोय. महिन्याला आठ तासिका धरल्या तर 10,000.

गणितताईंना विचारलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "चालेल. बघू या."

आज मला ते "बघू या" नीट ऐकू येतं. तेव्हा मी फक्त "चालेल" ऐकलं.

चार महिन्यांचा जमाखर्च

आता आकडे. लिहून घ्या हवं तर.

जुलै. आठ तासिका, पाच मुलं, म्हणजे 40 हजेऱ्या व्हायला हव्या होत्या. झाल्या 29. रक्कम 7,250.

ऑगस्ट. पाऊस, ताप, एका घरात लग्न. 40 पैकी 24. रक्कम 6,000.

सप्टेंबर. गणपतीमुळे दोन तासिका झाल्याच नाहीत. सहा झाल्या, 30 पैकी 21 हजेऱ्या. रक्कम 5,250.

ऑक्टोबर. दिवाळीचे दोन आठवडे गेले. चारच तासिका, 20 पैकी 17. रक्कम 4,250.

एकूण 22,750 रुपये. मी 40,000 धरून चाललो होतो. आणि लक्षात घ्या, यात कुणीही फसवलेलं नाही. प्रत्येक घरानं प्रत्येक रुपया वेळेवर दिला. शीट एकदम बरोबर होती.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ताईंचा मेसेज आला. "दिवाळीनंतर मला जमणार नाही. मुलं फार गोड आहेत. वह्या तपासून हॉलमधल्या कपाटात ठेवल्या आहेत." एवढंच. तक्रार नाही, काही नाही.

आक्कानं मला फोन केला. मी म्हटलं, "अगं, दुसरी मिळेल. पुण्यात काय गणिताच्या शिक्षकांना तोटा आहे?" आक्का काही बोलली नाही. मागून सईचा आवाज आला, "मामाला विचार ना, ताईंना पैसे कमी पडले का?"

दहा वर्षांच्या पोरीला जे सुचलं ते मला सुचलं नव्हतं.

मग मीच शिकवायला बसलो

दुसरं कोणी मिळेपर्यंत मी घेतो, असं मी म्हटलं. सहा आठवडे घेतलं. त्या सहा आठवड्यांत मला माझ्या शीटमध्ये काय नव्हतं ते कळलं.

पहिल्याच आठवड्यात अपूर्णांकांची बेरीज. मी फळ्यावर लिहिलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. वेद, वय नऊ, ताडकन म्हणाला, "दोन छेद पाच." म्हणजे वरचे वर मिळवले, खालचे खाली. मी म्हटलं, चूक. छेद समान कर, सहा, तीन अधिक दोन, पाच छेद सहा. झालं.

वेद म्हणाला, "पण मामा, मी दोन बॉलमध्ये एक चौकार मारला, मग तीन बॉलमध्ये एक चौकार मारला. पाच बॉलमध्ये दोन चौकार झाले ना? मग दोन छेद पाच कसं चूक?"

आणि मी गप्प. बीटेकवाला गप्प. (हशा)

कारण तो बरोबरच होता! त्याच्या क्रिकेटमध्ये ते बरोबरच आहे. त्या रात्री मी साडेअकरापर्यंत त्याच्यावर बसलो. शेवटी असं सापडलं. क्रिकेटमध्ये आपण दोन वेगवेगळे "पूर्ण" एकत्र करतो, दोन बॉलचा एक आणि तीन बॉलचा एक, आणि नवा पाच बॉलचा पूर्ण तयार होतो. भाकरीत तसं नसतं. अर्धी भाकरी आणि भाकरीचा तिसरा हिस्सा, दोन्ही एकाच मापाच्या भाकरीतून आलेत. पूर्ण बदलत नाही. आणि ताळा करायचाच असेल तर, दोन छेद पाच हे अर्ध्यापेक्षा कमी. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला आणि भाकरी कमी झाली, असं होईल का?

शुक्रवारी मी खरंच दोन भाकऱ्या करून घेतल्या आक्काकडून. एक कापली, एक तशीच ठेवली. वेदनं तुकडे ठेवून बघितले आणि म्हणाला, "अच्छा, म्हणजे क्रिकेटची बेरीज वेगळी आणि भाकरीची वेगळी." एवढ्या एका वाक्यासाठी माझे घराबाहेर न पडताच दोन तास गेले होते. त्या दोन तासांना माझ्या शीटमध्ये रकानाच नव्हता.

मग मी कपाटातल्या वह्या काढल्या. ताईंनी तपासलेल्या. प्रत्येक चुकीशेजारी बरोबर उत्तर नव्हतं, एक छोटा प्रश्न होता. "इथे तू कुठून मोजायला सुरुवात केलीस?" असा. आणि पाच मुलांना पाच वेगळे प्रश्न.

एक पाकीट सापडलं, पुठ्ठ्याच्या कार्डांचं. एका बाजूला "त्रेसष्ट", दुसऱ्या बाजूला "साठ तीन" आणि आकडा 63. तुम्हाला 2019 चा वाद आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीस याबरोबर "वीस एक, वीस दोन" असं संख्यावाचन आलं होतं, आणि केवढा गदारोळ झाला होता. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या, की मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, म्हणून लहान मुलांचा गोंधळ होतो. आमच्या पाचांतली दोन मुलं आधी इंग्रजी माध्यमात होती. "त्रेसष्ट" ऐकून 36 लिहायची. ताईंनी त्या दोघांसाठी हाताने ही कार्डं केली होती. साठ-सत्तर कार्डं. कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

दीड तास म्हणजे साडेचार तास

मग मी नवीन शीट उघडली. या वेळी मुलांच्या हजेरीची नाही, ताईंच्या वेळेची.

एका तासिकेला,
वर्गात 90 मिनिटं.
धायरी ते कोथरूड आणि परत, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये, 80 मिनिटं.
तयारी 60 मिनिटं. मुलं नऊ ते अकरा वयाची, म्हणजे एका वर्गात तीन वेगळ्या पातळ्या.
वह्या तपासणं आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपना उत्तरं देणं 40 मिनिटं.

बेरीज 270 मिनिटं. साडेचार तास. आपण ज्याला दीड तासाचं काम म्हणतो, ते त्याच्या तिप्पट असतं.

चार महिन्यांत 26 तासिका झाल्या. 22,750 भागिले 26, म्हणजे एका तासिकेला 875. भागिले साडेचार, म्हणजे तासाला साधारण 194 रुपये. त्यातून स्कूटीचं पेट्रोल. मी ज्याला 833 समजत होतो ते 194 होतं. ऑगस्टमध्ये तर 167.

आणि गंमत बघा. आमच्यातल्याच एका घरानं मुलाच्या पोहण्याच्या क्लासचे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले होते. मुलगा निम्मे दिवस गेला नाही. परत मागितले का? नाही. कारण टँकचं पाणी, लाइफगार्ड, सगळं तिथे हजर होतं. मूल गेलं नाही हा आपला प्रश्न. मग गणितताई हजर असताना मूल आलं नाही, तर तो ताईंचा प्रश्न कसा झाला?

मला क्लाउडचा दाखला सुचला होता ना? तो चुकलाच होता. सर्व्हर तुम्ही सोडला की दुसरा कुणी घेतो. मंगळवारी पाच ते साडेसहाची ताईंची वेळ आम्ही अडवून ठेवली होती. दोनच मुलं आली म्हणून त्या उरलेला वेळ दुसऱ्याला विकू शकत नव्हत्या.

आईला केलेला फोन

आता एक घरची गोष्ट सांगतो. ही सांगू की नको असा विचार करत होतो.

मी सांगलीचा. लहानपणी आमच्या घरी आई शिकवण्या घ्यायची. पुढची खोली, दहा बाय बाराची, त्यात वीस-बावीस पोरं. डोक्यामागे महिन्याला शंभर रुपये. बाबा लोकांना सांगायचे, "तिचा वेळ जातो, बरं वाटतं तिला." मीही तेच समजत आलो. आईची हौस.

हा हिशोब झाल्यावर मी आईला फोन केला. म्हटलं, "आई, तू मे महिन्यात फी घ्यायचीस का गं?"

"मे महिन्यात कोण देतंय? शाळाच बंद."

"मग?"

"मग काय? मेमध्ये कुरडया, पापड करायचे की. तुला काय वाटलं, तेवढे आपण खायचो?"

मला आठवलं. गच्चीवर साड्या अंथरलेल्या, त्यावर कुरडया, आणि आम्ही पोरं कावळे हाकलत बसलेलो. मला ती उन्हाळ्याची मजा वाटायची. माझी आक्कासाहेब तर त्यातल्या ओल्या कुरडया चोरून खायची. ती मेची फी होती. आमच्या दहावी-बारावीच्या क्लासचे पैसे त्यातून गेलेत, हेही आईनं त्याच फोनवर सांगितलं, अगदी सहज, गॅसवर काहीतरी हलवत.

मी विचारलं, "कधी बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलायचं? फी वाढवली की चार पोरं जातात. मग उरलेल्यांचं परवडत नाही."

आमच्या कंपनीत याला मोठमोठी नावं आहेत. आईनं ते एका ओळीत सांगितलं. गटाच्या शिकवणीचं मूळ दुखणं हेच आहे. शिकवणाऱ्याचा वेळ ठरलेला, तो काही कमी होत नाही. पाच घरांत वाटला की स्वस्त. एक घर गेलं की उरलेल्या चौघांचा वाटा वाढतो. वाढला की आणखी एक जातं. शेवटी एक मूल आणि एक ताई उरतात, आणि तेही परवडत नाही. हे थांबवायचं असेल तर आधीच, सगळे खूश असताना, ठरवावं लागतं.

पुन्हा बोलणी

डिसेंबरात मी धायरीला गेलो. एकटाच. नवीन शीट घेऊन गेलो होतो, पण काढली नाही. आधी माफी मागितली. ताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही काही मुद्दाम केलं नाहीत. मलाही बोलता आलं नाही. पैशाचं बोललं की शिकवणं हलकं होतं असं वाटतं आपल्याला." त्यांनी तोवर एका क्लासमध्ये नोकरी धरली होती, दुपारी चार ते रात्री आठ. संध्याकाळ गेली.

मी उठायला लागलो, तेव्हा त्याच म्हणाल्या, "सकाळी मी मोकळी असते."

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण घरशाळावाले! आपली मुलं सकाळी घरीच असतात! शिकवण्या घेणाऱ्या सगळ्यांना संध्याकाळी फुरसत नसते, कारण शाळेची मुलं तेव्हाच सुटतात. आणि सकाळी दहा ते दुपारी दोन त्यांच्याकडे काम नसतं. आम्ही चार महिने सर्वांत महागड्या वेळेसाठी भांडत होतो आणि जी वेळ आपल्याच हातात होती ती रिकामी जात होती. हे इथल्या प्रत्येकानं लिहून घ्यावं. शिक्षक शोधायचा तर सकाळचा शोधा.

मग नवीन करार झाला. तोंडी नाही, एका कागदावर, मराठीत, सगळ्यांच्या सह्यांनी.

पहिलं, फी मुलामागे नाही, तासिकेमागे. एका तासिकेचे 1,600. मूल एक येवो की पाच. महिन्याला आठ तासिका, 12,800.

दुसरं, वर्ग कोथरूडहून हलवला. सिंहगड रस्त्यावर आनंदनगरला एक घर आहे आमच्यातलं, तिथे. ताईंचं जाणं-येणं 80 मिनिटांवरून 30 वर आलं. मुलांना आता आम्ही नेतो. प्रवास संपला नाही, ताईंकडून आमच्याकडे आला. ताईंचे एका तासिकेला आता 220 मिनिटं जातात. 1,600 म्हणजे तासाला साधारण 436 रुपये. श्रीमंती नाही, पण 194 सुद्धा नाही.

तिसरं, तासिका आमच्याकडून रद्द झाली तर पैसे द्यायचे. ताईंकडून झाली तर त्या भरून काढतील. दिवाळीच्या महिन्याची फी पूर्ण. मे महिन्यात वर्ग नाही, पण अर्धी फी. म्हणजे वर्षाला साडेअकरा महिन्यांची फी, 1,47,200 रुपये. ही मेची अट मी घातली. का, ते तुम्हाला आता माहीत आहे.

चौथं, प्रत्येक घरानं एका महिन्याचा वाटा अनामत ठेवायचा. कुणी मध्येच सोडलं तर दोन महिन्यांची सूचना, आणि सूचना न देता सोडलं तर अनामत गटाला. त्यातून नवीन घर मिळेपर्यंत ताईंची फी पूर्ण जाते. हे पैसे सांभाळते आक्का, भिशीसारखे, वहीत लिहून. भिशी आपल्या आयांनी चालवली ती ओळखीवर आणि वहीवर. तेवढं पुरतं.

कुणाला किती झेपतं

इथवर सगळं छान वाटतंय. आता अवघड भाग.

जुन्या पद्धतीत प्रत्येक घराचे महिन्याला सरासरी साधारण 1,140 रुपये जात होते. नव्या पद्धतीत चार घरांत वाटले तर 3,200. जवळजवळ तिप्पट. मी आकडा सांगितल्यावर खोलीत शांतता पसरली.

चार घरं का म्हणालो? कारण पाचवं घर तोवर गेलं होतं. वेदचं. मधल्या दोन महिन्यांत काहीच ठरत नव्हतं, त्याच्या आईबाबांना वाटलं हे काही टिकत नाही, आणि त्यांनी त्याला शाळेत घातलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलानं मला क्रिकेटची बेरीज शिकवली, तो माझ्या 250 रुपयांच्या शीटमुळे गेला, असं मला आजही वाटतं.

उरलेल्या चारांत एक आई एकटी आहे, भाड्याच्या घरात. ती म्हणाली, "मला 2,000 च्या वर जमणार नाही. पण कुणाचे उपकारही नकोत."

त्यावर आक्कानं मार्ग काढला. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं, मला दर महिन्याला किती झेपेल. नाव आक्काला कळेल, बाकी कुणाला नाही. चिठ्ठ्यांची बेरीज 12,800 झाली नाही तर पुन्हा चिठ्ठ्या. पहिल्या फेरीत 11,300 आले. दुसऱ्या फेरीत झालं. 4,000, 4,000, 2,800 आणि 2,000. यातले एक 4,000 सईचे आहेत, अर्धे आक्का भरते, अर्धे मी. त्या एकट्या आईनं परवानगी दिली म्हणून तिचा आकडा इथे सांगतोय. आज ती इथे बसली आहे आणि मंगळवारचा वर्ग तिच्याशिवाय सुरू होत नाही, कारण सगळ्या मुलांना गाडीत घालून आणते तीच. त्याला पैशांत कसं मोजायचं ते मला अजून जमलेलं नाही. मोजायला गेलोही नाही.

जानेवारीपासून वर्ग सुरू आहे. पहिल्या दिवशी ताईंनी ती कार्डं परत मागितली. सईनं जपून ठेवली होती.

जाता जाता

कुणी नवीन गट करत असेल तर ताईंना किंवा सरांना फी विचारण्याआधी हे चार प्रश्न विचारा. येण्या-जाण्याला किती वेळ लागतो? तयारीला किती लागेल? तुमची कोणती वेळ रिकामी असते? आणि सुट्टीच्या महिन्यात तुमचं कसं चालतं? शेवटचा प्रश्न विचारताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा. त्यांना कुणी विचारलेला नसतो.

आणि मुलं शक्यतो चार-पाचच ठेवा. नव्वद मिनिटं पाच मुलांत वाटली तर एकेकाला 18 मिनिटं मिळतात. आठ मुलं घेतलीत तर फी उतरेल, पण एकाला 11 मिनिटं. तेवढ्यात "तू कुठून मोजायला सुरुवात केलीस?" हे विचारून होत नाही.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: आम्ही तीनच घरं आहोत. परवडेल का?*

तुमच्या ताईंची फी आमच्याइतकीच असेल तर 12,800 भागिले तीन, साधारण 4,270. जड वाटत असेल तर आठवड्यातून एकच दिवस ठेवा, पण ताईंचा तासिकेचा दर पाडू नका. दिवस कमी करा, दर नको.

*प्रश्न: ऑनलाइन घेतलं तर?*

प्रवास वाचतो. 190 मिनिटं होतात, म्हणजे त्याच दरानं 1,400 च्या आसपास. मोठ्या मुलांना चालेल. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हातात वस्तू लागतात. स्क्रीनवर भाकरी कापता येत नाही. (हशा)

*प्रश्न: तुमची ती शीट मिळेल का?*

मिळेल. जुनी नाही, नवी. त्यात मुलांच्या हजेरीचा रकाना काढून टाकलाय. ताईंच्या तासांचा घातलाय. बाहेर जाताना आक्काकडे नंबर लिहून ठेवा, पाठवतो.

चहा आलाय बहुतेक.